रक्ताची गोळी देताना दोन शब्द बोला : नागपुरातल्या औषध दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व औषध विक्रेते व फार्मासिस्ट बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच. आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला गेलं. आता दुकान मुलगा आणि सून बघतात, मी संध्याकाळच्या गर्दीत तेवढा हातभार लावते. हे पत्र डॉक्टरांना किंवा महापालिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण चिठ्ठी कोणाचीही असो, लोहाची गोळी माणसाच्या हातात शेवटी आपण ठेवतो. आणि बरेचदा चिठ्ठी नसतेच.

संध्याकाळी सातचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. एक बाई येते, कामावरून थेट, हातात भाजीची पिशवी. "भाऊ, रक्त कमी हाय म्हणते, ताकदीची गोयी द्या ना." आपण १०० मिलिग्रॅमवाला पत्ता काढतो, कात्रीने अर्धा करतो, खाकी पाकिटात टाकतो, वर '१-०-०' लिहितो आणि पैसे घेतो. मागचा माणूस तोवर मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो नाचवत असतो. अर्ध्या पत्त्यासोबत एक्स्पायरीची तारीखही कधी कधी आपल्याकडेच राहते, पण तो वेगळा विषय. बाईला रक्त कमी आहे हे कोणी सांगितलं, किती कमी आहे, ही गोळी ती कशासोबत घेणार, घरात लहान मूल आहे का, यातलं काही आपण विचारत नाही. तीही विचारत नाही.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते, कारण '१-०-०' म्हणजे सकाळी आणि सकाळ म्हणजे चहा. दोन दिवसांत शौच काळी होते, पोट जड होतं, तोंडाला लोखंडी चव येते. शेजारीण सांगते, "गरम पडली असंन तुले." गोळी बंद. एप्रिल-मे असला तर मग बघायलाच नको. पारा ४५ कडे निघालेला असताना नागपुरात कोणी 'उष्ण' गोळी खाणार नाही. उरलेल्या गोळ्या देवघराच्या फळीवर नाहीतर फ्रिजच्या वर पडून राहतात. सहा महिन्यांनी तीच बाई तेवढ्याच फिकट चेहऱ्याने पुन्हा आपल्या दारात.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळ्या कमी विकल्या जातात म्हणून हे असं आहे, असं मला वाटत नाही. गोळ्या भरपूर जातात. त्या पोटापर्यंत, आणि पोटातून रक्तापर्यंत, पोचत नाहीत.

आता आपण काय सांगू शकतो ते बघा. सगळ्यात आधी काळी शौच. हे एक वाक्य काउंटरवर बोललं तर निम्म्या बायका गोळी सोडणार नाहीत, असा माझा अनुभव आहे. न शोषलेलं लोह खाली जातं, त्याने रंग काळपट-हिरवट होतो, घाबरायचं कारण नाही. पण शौच डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल, चक्कर येत असेल, तर ते आतलं रक्त असू शकतं आणि मग डॉक्टर गाठायचा. हेही त्याच दमात सांगायला हवं. मळमळ आणि बद्धकोष्ठता हे खरे त्रास आहेत, ते नाकारू नका. बायकांना वाटतं आपण माल खपवायला बोलतो. "गरम पडली" म्हणणारीला हसूही नका. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, घाम जातो, बद्धकोष्ठता वाढते, वर लोह. तिच्या म्हणण्याला आधार आहे. पाणी वाढवा, जेवणात पालेभाजी-काकडी वाढवा आणि रिकाम्या पोटी नाहीच सोसत तर जेवणानंतर घ्या, असं सांगा. रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण डब्यात पडून राहिलेली गोळी अजिबातच शोषली जात नाही.

चहाचं मात्र ठणकावून सांगा. चहा-कॉफीतली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. दूध आणि कॅल्शियमचंही तसंच. गोळी आणि चहा यांत निदान तासा-दोन तासांचं अंतर हवं. सोबत लिंबूपाणी चालेल, आणि हंगामात आपल्याकडे संत्र्यांची काही वाण नाही. सी जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. बीट, डाळिंब आणि गूळ खाऊन रक्त वाढतं ही समजूत मात्र मी कितीदा खोडली तरी परत येतेच. बिटाचा रंग लाल आहे, त्यात लोह यथातथाच आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गरोदर बाईच्या पाकिटात. लोह, कॅल्शियम, कधी थायरॉइडची गोळी, कधी ॲसिडिटीची, आणि आपण हे सगळं एकाच खाकी पाकिटात कोंबतो. ती बिचारी सकाळी सगळ्या एकदम तोंडात टाकून मोकळी होते. कॅल्शियम लोहाला अडवतं. लोह थायरॉइडच्या गोळीला अडवतं; त्या दोघांत चार तासांचं अंतर लागतं. अँटासिड आणि महिनोन्‌महिने चालणारं पँटोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतात, त्यामुळे लोहाचं शोषण घटतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर लोह त्या अँटिबायोटिकचाच असर घालवतं. डॉक्टर हे चिठ्ठीवर कधी लिहितात, कधी नाही. त्यांच्याकडे तीन मिनिटं असतात. आपल्या हातात सगळे पत्ते एकाच वेळी असतात, त्यामुळे हे आपल्याला जितकं सहज दिसतं तितकं दुसऱ्या कोणाला दिसत नाही. दोन वेगळी पाकिटं करा, एकावर 'सकाळ' आणि दुसऱ्यावर 'रात्र' लिहा. खाकी पाकिटाला किती पैसे लागतात!

मात्रेबद्दल थोडं खोलात जाते, कारण यात आपली नवीन पोरंही गडबडतात. पाकिटावरचा मोठा आकडा क्षाराचा, म्हणजे लोहाच्या अख्ख्या संयुगाचा असतो, नुसत्या लोहाचा नव्हे. ३०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण १०० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच फेरस ग्लुकोनेटमध्ये ३६ च्या आसपास. वाळवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅममध्ये ६५ च्या जवळ. फेरस ॲस्कॉर्बेटच्या पत्त्यावर बहुधा एलिमेंटल आयर्न, म्हणजे प्रत्यक्ष लोहच लिहिलेलं असतं. म्हणून एक ब्रँड संपला आणि दुसरा दिला, की 'दोन्ही तीनशेचेच आहेत' हा हिशोब चालत नाही. एलिमेंटल आयर्नची ओळ वाचा, ती बारीक अक्षरात असते. टॉनिकच्या बाटलीवर तर चष्मा लावूनच वाचा. पाच मिलीत किती लोह आहे ते कळल्याशिवाय बाटली देऊ नका. आणि पातळ औषधाने दात काळवंडतात. स्ट्रॉने घ्या, मग चूळ भरा, एवढं सांगायला पाच सेकंद लागतात.

दिवसातून दोनदा गोळी दिली की रक्त दुप्पट वेगाने भरतं, हा जुना समज आता सोडायला हवा. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते आतड्यातल्या दारवानासारखं काम करतं : पुढचे साधारण २४ तास लोहाला आत येऊ देत नाही. झुरिचच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाआड एक दिवस गोळी घेणाऱ्यांच्या शरीरात रोज घेणाऱ्यांपेक्षा लोहाचा मोठा वाटा शोषला गेला. याचा अर्थ आपण डॉक्टरांची चिठ्ठी फिरवायची असा नाही, आणि गरोदर बाईच्या रोजच्या गोळीला तर हातच लावायचा नाही. पण जी बाई "सोसत नाही" म्हणून गोळी सोडायला निघाली आहे, तिला "सोडू नका, डॉक्टरांना विचारा, एकाआड एक दिवस चालेल का" असं सुचवणं आपल्या कक्षेत बसतं.

कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, 'बद्धकोष्ठता नाही, चव नाही, महाग पण भारी' असली लोहं घेऊन. स्कीम चांगली असते, मार्जिनही. मला त्यात कमीपणा वाटत नाही, दुकान चालवायचं असतं. पण अमेरिकेत ९ ते ४८ महिन्यांच्या रक्तक्षय झालेल्या मुलांवर एक चाचणी झाली, तीही २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली. तिच्यात १२ आठवड्यांनी साधं, स्वस्त फेरस सल्फेट घेतलेल्या मुलांचं हिमोग्लोबिन असल्याच प्रकारच्या पॉलिसॅकराइड लोहवाल्यांपेक्षा जास्त वाढलं. गरीब गिऱ्हाइकाला स्वस्त गोळी देताना ओशाळायची गरज नाही.

हाच मुद्दा सरकारी गोळ्यांचा. ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेत (२०१८ पासून) ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी आणि मोठ्या बायकांना लाल गोळी मिळते. निळ्या आणि लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, गुलाबीत लोह ४५. मुलांना आठवड्यातून एकदा. गरोदर बाईला रोज, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. 'फुकटची गोळी हलकी' म्हणून बाई ती बाजूला ठेवते आणि आपल्याकडून विकतची घेते, किंवा दोन्ही घेते. दुसरी गत वाईट. "आशाताईंनी लाल गोळी दिली आहे का?" हा प्रश्न विचारा. दिली असेल तर "तीच घ्या, तीच चांगली आहे" म्हणा. एक पत्ता कमी खपेल. खपू द्या.

आता विदर्भातल्या दुकानदारालाच लागू होणारी गोष्ट. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण पुण्यातही नेहमी खरं नसतं, आपल्याकडे तर मुळीच नाही. मध्य भारतातल्या सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारावरचं नागपूरचं टिपण 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच छापून आलं होतं. आपल्या भागातल्या अनेक समाजांत सिकल सेलचा जनुक आहे, आणि जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत राहणाऱ्याला थॅलेसेमिया (हाही आनुवंशिक रक्तविकार) हा शब्द नवा नाही. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे सौम्य प्रकार असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन जन्मभर दहा-अकराच्या घरात राहतं, लाल पेशी लहान दिसतात, सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर सगळं लोहाच्या कमतरतेसारखं वाटतं. त्याला वर्षभर लोह दिलं तरी आकडा हलत नाही. उलट नको असलेलं लोह शरीरात जातं. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाटच नाही. सिकल किंवा थॅलेसेमिया मेजरच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याच्या शरीरात रक्ताच्या प्रत्येक पिशवीसोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. ते साचून यकृत आणि हृदय बिघडवतं. अशा माणसाला आपण 'ताकदीसाठी' लोहाचं टॉनिक विकायचं? त्यांनाही कधी लोह कमी पडू शकतं, पण ते फेरिटिन (रक्तातून कळणारा शरीरातला लोहाचा साठा) तपासून डॉक्टर ठरवतील. आपण फक्त दोन प्रश्न विचारायचे : घरात कोणाला सिकल किंवा थॅलेसेमिया आहे का? आणि आधी तीन महिने गोळी घेऊनही फरक पडला नाही, असं झालं आहे का? दोहोंपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं, तर पत्ता पुन्हा कपाटात ठेवायचा आणि तपासणीला पाठवायचं. सिकलची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे.

फेरिटिन म्हटलं की खर्च येतो, हे मला कळतं. सगळ्यांना ती तपासणी परवडत नाही आणि प्रत्येक बाईला तिची गरजही नसते. पण निदान हिमोग्लोबिनचा कागद? तो बघितल्याशिवाय महिनाभराचं लोह देऊ नये, इतकं तरी आपण ठरवू शकतो. आकडा आठच्या खाली असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर काउंटरवरून गोळी देण्याचं ते दुखणं राहिलेलं नाही.

पुरुष लोह मागायला आला की माझे कान टवकारतात. बायकांना पाळी आहे, बाळंतपणं आहेत, लोह जायला वाट आहे. पन्नाशी-साठीच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी झालं, तर ते कुठून तरी गळतंय. मूळव्याध असेल, जठरात व्रण असेल, आतड्यात गाठही असू शकते. गोळीने हिमोग्लोबिन थोडं वर येतं, माणसाला बरं वाटतं आणि गाठ वर्षभर तशीच वाढते. आणि आपल्याला एक गोष्ट माहीत असते जी डॉक्टरलाही माहीत नसते : हाच माणूस गुडघेदुखीसाठी दर आठवड्याला डायक्लोफेनॅक घेऊन जातो, चिठ्ठीशिवाय. एका हाताने आपण त्याच्या पोटाला जखम करणारी गोळी देतो आणि दुसऱ्या हाताने त्या जखमेतून गेलेलं लोह विकतो. दोन्ही बिलं एकाच संगणकावर असतात. कधी तरी ती एकत्र बघा.

'रक्ताचं सलाईन' याबद्दल फार लिहीत नाही. आयर्न सुक्रोज किंवा कार्बोक्सीमाल्टोज, म्हणजे शिरेतून द्यायचं लोह, मागायला येणाऱ्याच्या हातात नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि ते जिथे लावलं जाणार तिथे रिॲक्शन आली तर सावरण्याची सोय हवी. खोलीत एक खाट आणि भिंतीला एक खिळा, एवढ्यावर ते लावलं जात असेल तर देऊ नका.

आता ज्या कारणासाठी मी मुळात हे पत्र लिहायला बसले ते. लोहाची गोळी लहान मुलांसाठी विष आहे, आणि हे आपल्या गिऱ्हाइकांपैकी जवळपास कोणालाच माहीत नाही. आपल्या मुलीला विचारा, सुनेला विचारा. त्यांना फिनाइल, रॉकेल, उंदराचं औषध माहीत आहे. 'ताकदीची गोळी' विष असू शकते हे पटतच नाही. हिशोब साधा आहे. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम लोहापासून त्रास सुरू होऊ शकतो, ६० च्या वर जिवाला धोका असतो. दीड वर्षाचं, दहा किलोचं मूल धरा. १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांनी त्याला उलट्या होऊ शकतात, सहा गोळ्यांत ते जिवाच्या धोक्यापर्यंत पोचतं. आपण पूर्ण पत्ता देतो त्यात दहा असतात. लाल, चकचकीत, वरून साखरेचं कोटिंग. मुलाला ती चॉकलेटची गोळीच वाटणार.

आणि हे विष फसवं आहे. पहिल्या काही तासांत उलट्या, जुलाब, कधी त्यात रक्त. मग सहा तासांनंतर मूल शांत होतं, खेळायलाही लागतं. आई म्हणते, उतरलं. ते उतरलेलं नसतं. पुढच्या टप्प्यात रक्तदाब कोसळतो, यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून मूल बरं दिसलं तरी थांबायचं नाही. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, दूध-तूप पाजत बसायचं नाही. कोळशाची पावडरही लोहाला धरत नाही, त्यामुळे आपल्या दुकानातला तोही उपाय बाद. १०८ ला फोन करायचा किंवा सरळ मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं, आणि गोळ्यांचा रिकामा पत्ता सोबत न्यायचा, म्हणजे किती लोह पोटात गेलं ते डॉक्टरांना मोजता येईल. यावर डेफेरॉक्सामिन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

म्हणून माझं म्हणणं, लोहाचा पत्ता देताना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मोठ्याने हेच बोलावं : "ताई, लेकराच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, कपाटात, कुलपात." सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत अजिबात देऊ नयेत. पत्ता कापायचाच असेल तर नाव आणि एक्स्पायरीची बाजू गिऱ्हाइकाला द्या. रुग्णालयात पोचलेल्या आईच्या हातात नावच नसलेला अर्धा पत्ता असला, तर डॉक्टरांनी काय वाचायचं?

किती दिवस घ्यायची हे सांगायचं राहिलं. गोळी लागू पडली तर दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एखाद-दोन ग्रॅमने वर येतं. महिन्याने तपासा. वर आलं नाही तर गोळी वाढवू नका, कारण शोधा : गोळी खरंच घेतली का, चहाबरोबर घेतली का, जंत आहेत का, पाळीत फार जातं का. आणि आकडा ठीक झाला की लगेच थांबायचं नाही. शरीराचा साठा भरायला आणखी साधारण तीन महिने लागतात. बायका नेमकी इथेच, बरं वाटू लागलं की सोडतात.

कोणी म्हणेल, काउंटरवर एवढं बोलायला वेळ कुठे आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ नुसार रुग्णाला औषध समजावून सांगणं हे आपलं कामच आहे. परवान्याच्या चौकटीशेजारी ज्यांचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं ते फार्मासिस्ट दुकानात हजर असतील तर वेळही निघतो. जिथे प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दहावी पास पोरगा, तिथला प्रश्न वेळेचा नाही, आणि त्यावर मी या पत्रात जास्त बोलत नाही.

तरी गर्दी असतेच, म्हणून एक व्यवहारी सूचना. आपल्या संघटनेने एक रबरी शिक्का करून घ्यावा, मराठी आणि हिंदीत, आणि लोहाच्या प्रत्येक पाकिटावर तो मारावा. मजकूर असा : 'चहा-दुधासोबत नको. शौच काळी होईल, घाबरू नका. कॅल्शियम वेगळ्या वेळी. मुलांपासून कुलपात ठेवा. मुलाने गिळल्यास थांबू नका, लगेच रुग्णालय.' ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चहाच्या कपावर फुली आणि कुलपाचं चित्र. गंजीपेठेच्या दवा बाजारात घाऊक माल उचलायला आपण सगळेच जातो. तिथल्या विक्रेत्यांनी लोहाच्या खोक्यासोबत असे छापील चिकटपट्ट्यांचे गठ्ठे ठेवले तर शिक्काही लागणार नाही. खर्चाची वाटणी बैठकीत ठरवू. पहिल्या शिक्क्याचे पैसे माझ्या दुकानाकडून. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे घ्यावं, ही विनंती. शिक्क्याच्या मजकुरात कोणाला बदल सुचवायचा असेल तर बैठकीआधी कळवा; चित्रं काढणारी मुलगी आमच्या गल्लीतच आहे, तिला मी सांगून ठेवलं आहे.

आपली,
एक फार्मासिस्ट भगिनी
नागपूर